बेटाच्या वेशीवरील सहा महिने

मनुष्य देशांतर करतो तेव्हा भांडीकुंडी, पुस्तके आणि देवघरातील टाक ही सर्व तो निर्वेधपणे बरोबर घेऊ शकतो. परंतु घरातील कुत्रा अगर मांजर बरोबर न्यावयाचे म्हटले, म्हणजे त्यास एकाएकी असे आढळून येते की, जे जनावर आपल्या दृष्टीने घरातील माणूसच, ते परक्या राज्याच्या दृष्टीने एका भयंकर रोगाचे संभाव्य वाहन आहे. आणि ज्या देशी जावयाचे तो देश जर बेट असेल, तर हा विचार अधिकच कडकपणे केला जातो. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, हवाई ही नावे आज आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांस परकी राहिलेली नाहीत. कोणाचा मुलगा, कोणाची सून तेथे नोकरीनिमित्त जाऊन राहते, आणि जाताना कुत्र्याचे काय करावे हा प्रश्न घराघरांतून निघतो. या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘क्वारंटाइन’ हा शब्द इटालियन भाषेतील चाळीस या संख्येवरून आला. एड्रियाटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचे एक व्यापारी नगर होते. त्यासच आज डुब्रोव्हनिक म्हणतात. या नगराने १३७७ साली असा कायदा केला की, प्लेगग्रस्त मुलखातून आलेल्या माणसांनी तीस दिवस दूर राहावे व मगच नगरात पाऊल टाकावे. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि नाव रूढ झाले. मुंबईत १८९६ साली आणि पुण्यात १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने या कल्पनेची जी ओळख आपल्या आजा-पणजांस झाली, ती किती कडवट होती हे महाराष्ट्रास सांगावयास नको. योगायोग असा की, त्याच १८९७ साली इंग्लंडात कुत्र्यांच्या बाबतीतील बंदोबस्ताचा कायदा आकारास येत होता.

ज्या रोगासाठी हा बंदोबस्त करावयाचा, तो रोग आपल्यास अनादिकाळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन असून, दंश झालेला मनुष्य पाण्याच्या दर्शनाने वा नादाने भिऊ लागला म्हणजे तो वाचत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्या अवस्थेस तेथे जलत्रास असे नाव दिलेले आहे. आज ज्यास आपण रेबीज म्हणतो तो हाच. याचे वैशिष्ट्य दोन गोष्टींत आहे. लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित, ही एक गोष्ट. दुसरी, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, विष शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ अतिशय अनिश्चित असतो. कुत्र्यात तो बहुधा काही आठवड्यांचा, पण क्वचित सहा महिन्यांचा व त्याहूनही अधिक असतो. या काळात जनावर खाते, खेळते, शेपूट हलविते. कोणत्याही वैद्यास ते निरोगीच वाटेल. मग परक्या देशातून आलेले जनावर निर्दोष आहे हे ठरवावे कसे? एकोणिसाव्या शतकाअखेर या प्रश्नास एकच उत्तर होते, ते म्हणजे त्यास कोंडून ठेवावे आणि वाट पाहावी.

तथापि इंग्लंडने प्रथम दार लावले नाही. आधी घर झाडून घेतले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळी लंडनच्या रस्त्यांत पिसाळलेल्या कुत्र्याची आरोळी उठणे ही नित्याची गोष्ट होती. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांनी पॅरिस येथे जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास आपली लस टोचली आणि सर्व जगास आशा वाटू लागली. परंतु ती लस दंश झालेल्या माणसासाठी होती, रस्त्यातील कुत्र्यांसाठी नव्हती. तेव्हा इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. शेतकी खात्याचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनी १८९७ पासून जेथे जेथे रोग आढळेल तेथे तेथे सर्व कुत्र्यांस मुसकी बांधण्याची सक्ती केली. बेवारशी कुत्री पकडण्यात येऊ लागली आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांस परवाना व अटकाव सुरू झाला.

या मुसक्यांवरून केवढा गहजब झाला! कुत्र्यांच्या कैवाऱ्यांनी १८९१ मध्येच एक संघ स्थापन केला होता. त्याने मुसकी म्हणजे मुक्या जनावराचा छळ होय, अशी ओरड केली. त्यात एक गोष्ट तर लोकांस फारच झोंबली. सरदार-जमीनदारांच्या शिकारी कुत्र्यांच्या टोळ्यांस सवलत मिळाली, आणि गरिबाच्या दारातील कुत्र्यास मात्र मुसके बांधावे लागले. कायदा रोगासाठी असला तरी त्याचा जाच कोणास किती व्हावा हे पुष्कळदा पैसा व दर्जा ठरवितात. याचा प्रत्यय या इतिहासात आपणांस पुन्हा येणार आहे. आपल्या मुंबईने तर याहून साठ-पासष्ट वर्षे आधी, १८३२ च्या जून महिन्यात, याच स्वरूपाचा प्रसंग पाहिला होता. रस्त्यातील कुत्री मारण्याची मोहीम पोलिसांनी चालविली असता कोटभागातील पारशी समाज खवळून उठला आणि दंगल झाली. कुत्र्याविषयी मनुष्याच्या मनात असलेली भीती आणि माया या दोहोंचे भांडण असे जुने आहे.

लाँगसाहेब मात्र डगमगले नाहीत. १९०२ साली ब्रिटन रेबीजमुक्त झाले. पाठोपाठ १९०३ साली आयर्लंडही झाले. कोणतीही लस न वापरता, केवळ शिस्तीने व समुद्राच्या साहाय्याने एका मोठ्या देशाने हा रोग समूळ घालविला. वैद्यकाच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे. यापुढे प्रश्न उरला तो फक्त दाराचा. बाहेरून येणाऱ्या कुत्र्यास ठेवण्याची मुदत पुढे सहा महिन्यांवर स्थिर झाली, आणि १९२८ च्या हुकुमाने मांजरासही तोच न्याय लागू झाला.

हे दार एकदा फसले, आणि ते शत्रुत्वाने नव्हे तर प्रेमाने फसले. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, फ्रान्सच्या रणभूमीवरून परतणाऱ्या काही शिपायांनी खंदकांत जीव लावलेली कुत्री चोरून घरी आणली. एखाद्या थकलेल्या जिवाने आपल्या सोबत्यास मागे टाकवत नाही म्हणून त्यास कोटाखाली दडवून आणावे, हे समजण्यासारखे आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की, डेव्हन व कॉर्नवॉल या भागांत रोग पुन्हा फुटला, तेथून तो पसरला, मुसकी पुन्हा आली, आणि तो निपटण्यास १९२२ साल उजाडले. एका माणसाच्या मायेची किंमत सबंध समाजाने चार वर्षे भरली.

या नियमाचा आपल्या देशाशी असलेला संबंध येथे सांगितला पाहिजे. हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यात एखाददुसरा कुत्रा हमखास असे. येथे तर रेबीज घरोघरची भीती. १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था निघाली, ती याच भयाने. तेथेच डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून ती लस सिद्ध केली, जिच्या पोटातील चौदा सुयांची धास्ती आपल्या पिढीने लहानपणी घेतली आहे. ती लस भारतात २००४ सालाच्या अखेरीपर्यंत चालू होती. आता तिची जागा दंडात द्यावयाच्या मोजक्या सुयांनी घेतली आहे. असो. १९४७ साली जेव्हा हजारो इंग्रज कुटुंबे मुंबईच्या धक्क्यावरून कायमची निघाली, तेव्हा त्यांच्यापुढे तीनच वाटा होत्या: कुत्रा येथे कोणास देऊन टाकावा, बोटीचे भाडे व सहा महिन्यांच्या श्वानगृहाचा खर्च सोसून त्यास बरोबर न्यावा, किंवा त्याचा अंत करवावा. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांना दुसरी वाट मोकळी होती, इतरांना नव्हती.

पैशाचे हे माहात्म्य पुढेही दिसले. १९६८ मध्ये एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन हे प्रसिद्ध नट-दांपत्य लंडनमध्ये आले, तेव्हा त्यांनी आपल्या कुत्र्यांसाठी थेम्स नदीत एक नौकाच भाड्याने घेतली. कुत्री जमिनीवर उतरलीच नाहीत, म्हणून कायदाही मोडला नाही! सामान्य माणसाचा कुत्रा मात्र सहा महिने जाळीच्या आड बसून धन्याची वाट पाहात राही.

पुढच्याच वर्षी सहा महिन्यांच्या मुदतीचीच परीक्षा झाली. जर्मनीहून आणलेला फ्रिट्झ नावाचा एक लहान कुत्रा आपली मुदत पूर्ण करून रीतसर सुटला आणि १९६९ च्या ऑक्टोबरात, सुटल्यावर थोड्याच दिवसांत, सरे परगण्यातील कॅम्बर्ली गावी पिसाळला. त्याने दोघांचा चावा घेतला. आसपासच्या रानातील कोल्हे व इतर जनावरे यांची हत्या करण्यात आली. रोग पसरला नाही. पण सर्व देश हादरला. वॉटरहाउस समितीने १९७१ साली अहवाल दिला. सहा महिन्यांची मुदत कायम राहिली आणि श्वानगृहात येताच लस टोचणे सक्तीचे झाले. म्हणजे जी लस पुढे या भिंतीची जागा घेणार होती, ती प्रथम भिंतीची मदतनीस म्हणून आत आली.

याच सुमारास समुद्रापलीकडे एक शांत क्रांती घडत होती. युरोपात रेबीज मुख्यतः कोल्ह्यांत होता. कोल्हे पकडून टोचणार कोण? स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९७८ साली कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकण्याचा प्रयोग केला. कोल्हा आमिष खाई आणि न कळत सुरक्षित होई. विमानांतून अशी आमिषे टाकून पश्चिम युरोपातील एकेक देश रोगमुक्त होत गेला. स्वित्झर्लंड १९९९ साली मुक्त झाला. १९९४ मध्ये इंग्लिश खाडीखालील बोगदा खुला झाला, तेव्हा त्यातून पिसाळलेले कोल्हे चालत येतील अशी भीती इंग्लंडात घातली जात होती आणि तेथे विजेचे अडथळेही बसविले होते. परंतु वस्तुतः पलीकडील रानच निर्धोक होत चालले होते. भिंत होती तशीच होती, तिच्यामागचा शत्रू मात्र निघून जात होता.

तेव्हा लोक विचारू लागले: ज्या जनावरास लस दिली आहे, ती लागू झाल्याचे रक्त तपासून सिद्ध करता येते, त्यास आणखी सहा महिने कशासाठी कोंडावे? शेवटल्या पंचवीस वर्षांत श्वानगृहांत रेबीज निघाल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. उलट इतर कारणांनी तेथेच मेलेली जनावरे त्याहून कितीतरी अधिक. हाँगकाँगचे शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी १९९७ साली आपली ‘व्हिस्की’ व ‘सोडा’ ही कुत्री इंग्लंडात न आणता फ्रान्समधील घरी पाठविली, त्याची चर्चा झाली. १९९८ साली केनेडी समितीने बदलाची शिफारस केली आणि २८ फेब्रुवारी २००० रोजी जनावरांच्या पारपत्राची योजना सुरू झाली. जवळजवळ शंभर वर्षांची रीत त्या दिवशी मोडली. २०१२ च्या आरंभापासून तिचे नियम आणखी सोपे झाले.

या नव्या योजनेची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण भारतातून इंग्लंडला कुत्रा वा मांजर नेणाऱ्यास आजही तीतूनच जावे लागते. प्रथम जनावराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवितात. कागद कोणत्याही कुत्र्याचा दाखविता येतो. चिप त्याच कुत्र्याची असते. म्हणून चिप आधी आणि लस नंतर. हा क्रम उलटला तर ती लस हिशेबात धरीत नाहीत. लस दिल्यावर निदान तीस दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवितात. लस लागली की नाही हे रक्त सांगते. परंतु लसीपूर्वीच रोग शिरला असेल तर ते रक्त सांगू शकत नाही. यासाठी रक्त घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. जुन्या सहा महिन्यांचा हा उरलेला अर्धा भाग होय. फरक एवढाच की, हा काळ जनावर परक्या कोठडीत नव्हे, तर स्वतःच्या घरी, आपल्या माणसांत घालविते. शेवटी कुत्र्यास पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत जंताचे औषध द्यावयाचे. विमानाने इंग्लंडात उतरणारे जनावर उतारूंच्या बैठकीत नव्हे, तर नोंदलेला माल म्हणून येते. पिंजरा असा हवा की, जनावरास त्यात उभे राहता, वळता व अंग टाकता यावे. हीथ्रो येथे लंडन नगराच्या महापालिकेचे प्राणि-स्वागत केंद्र कागद व चिप पडताळून पाहते. घाईने, निघण्याच्या महिन्यात जागे होणाऱ्याचे हे काम नव्हे. सहा महिने आधी आरंभ करावा, हे उत्तम.

इतर बेटांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. हवाई बेटांनी १९१२ पासून १२० दिवसांचा अटकाव ठेविला होता. तेथे येणाऱ्या अंध प्रवाशांनी न्यायालयात विचारले की, आमचा मार्गदर्शक कुत्रा हेच आमचे डोळे. ते चार महिने काढून घेता तर आम्ही चालावे कसे? १९९६ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यांचा पक्ष उचलून धरला. त्यानंतर १९९७ साली मुदत तीस दिवसांवर आणि २००३ साली, अटी पुऱ्या करणाऱ्यांसाठी, पाच दिवसांवर किंवा त्याहून कमी काळावर आली. ऑस्ट्रेलिया अद्याप कडक आहे. मेलबोर्नजवळ मिकलहॅम येथील सरकारी केंद्रात जनावरास निदान दहा दिवस, आणि त्याची ओळख परदेशात आधी पटवून घेतली नसल्यास तीस दिवस राहावे लागते. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका प्रख्यात नटाची दोन लहान कुत्री खाजगी विमानातून न कळविता तेथे उतरली, तेव्हा मंत्र्यांनी स्पष्ट बजाविले की, ती परत न्या, नाही तर ती मारली जातील. ती परत गेली. येथे नौकेची युक्ती चालली नाही, हे एक प्रकारे न्यायाचेच झाले.

हे सर्व ऐकून कोणास वाटेल की, एवढा काच कशाला? त्यास उत्तर इंडोनेशियाच्या बेटांनी दिले आहे. फ्लोरेस बेटावर रेबीज नव्हता. १९९७ साली सुलावेसीहून होडीतून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला. बाली बेटही निर्धोक होते. तेथे २००८ साली तो शिरला. दोन्ही ठिकाणी शंभराहून अधिक माणसे गेली. घाबरून कुत्र्यांची कत्तल केली, पण रोग थांबला नाही. कारण मारलेल्यांत लस दिलेली कुत्रीही असत, आणि त्यांच्या जागी लोक दुसरीकडून नवी कुत्री आणीत. बालीत जेव्हा मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली, तेव्हाच रोग ओसरू लागला. आपल्या देशातही अंदमान-निकोबार व लक्षद्वीप ही बेटे रेबीजमुक्त मानली जातात. लक्षद्वीपात तर कुत्रे नेऊच देत नाहीत. एका होडीने किती नुकसान होते हे ज्यास समजले, त्यास तो नियम जुलमी वाटणार नाही.

परंतु आपण बहुतेक बेटावर राहात नाही. आपल्यास समुद्राचा खंदक नाही. वेस कोठे बांधणार? जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांत आशिया व आफ्रिका येथील गरीब कुटुंबांतील लहान मुलांचा भरणा मोठा आहे. अशा मुलखास धडा गोव्याने घालून दिला आहे. तेथे २०१४ च्या सुमारापासून सरकार व स्वयंसेवक यांनी मिळून दर वर्षी गावोगाव, वाड्यावाड्यांतून, मालकीच्या आणि बेवारशी अशा दोन्ही कुत्र्यांस लस टोचली. शाळांतून मुलांस शिकविले. सुमारे शंभरातील सत्तर कुत्री सुरक्षित झाली की रोगाची साखळी तुटते, हे शास्त्राचे गणित आहे. २०२१ साली गोवा हे रेबीज आटोक्यात आणलेले देशातील पहिले राज्य म्हणून जाहीर झाले. म्हणजे ज्यास समुद्राची भिंत नाही, त्याने ती भिंत प्रत्येक कुत्र्याच्या रक्तात बांधावी.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोहोचतो, तेव्हा इंद्र त्यास म्हणतो की, कुत्र्यास आत प्रवेश नाही. धर्मराज भक्तास टाकून आत जाण्याचे नाकारतो. सोबत्यास न सोडणे हा धर्म होय, हे त्या कथेचे सार आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण दाराआड राहणाऱ्यांचाही एक धर्म असतो. त्यांच्या मुलाबाळांचे जीव त्या दारावर अवलंबून असतात. १९१८ सालच्या शिपायाने पहिला धर्म पाळला आणि दुसरा मोडला. सहा महिन्यांच्या कोठडीने दुसरा पाळला आणि पहिल्यास दुखविले. चिप, लस, रक्ताची परीक्षा आणि घरच्या घरी काढलेले तीन महिने यांनी आज प्रथमच असे केले आहे की, दोन्ही धर्म एकदम पाळता यावेत. त्यासाठी मनुष्याने द्यावयाचे ते केवळ थोडे धैर्य, थोडा पैसा आणि पुष्कळसा प्रामाणिकपणा. ज्यास आपल्या कुत्र्यावर खरे प्रेम आहे, त्याने कागद वेळेवर व खरे करावेत, आणि परदेशी जावयाचे नसले तरी त्यास लस मात्र चुकवू नये. कारण आपल्या गल्लीतील मूल हेही कोणाच्या तरी दाराआडचे मूल आहे.